चार शाया, हजारो रंग: इंकजेट प्रिंटर रंग कसा घडवतो आणि बिघडला तर कुठून शोधायचं

साध्या चार शायांच्या प्रिंटरवर छापलेला फोटो घ्या आणि त्यातल्या आकाशावर दहापट मोठं दाखवणारं भिंग धरा. आकाशी रंग तिथे सापडणार नाही. सापडतील ते विखुरलेले निळसर ठिपके, मधूनच एखादा गुलाबी ठिपका आणि त्यांच्यामध्ये भरपूर कोरा कागद. भिंग बाजूला केलं की आकाश परत येतं.

चित्रकार जसे रंग कालवतो तशा प्रिंटरही आतल्या आत शाया कालवून हवा तो रंग बनवत असेल, असं आपण धरून चालतो. तसं काही होत नाही. टाकीतली शाई जशी असते तशीच कागदावर पोचते. मिसळण्याचं थोडं काम कागदावर होतं आणि उरलेलं आपल्या डोळ्यात. हे एकदा समजलं की प्रिंट हिरवट का आली, निळा जांभळा का झाला, काळं छापताना रंगीत शाई का संपते, या सगळ्याचा माग काढता येतो. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. सोबत घरच्या घरी करायचे काही प्रयोग दिले आहेत. ते वाचून सोडू नका, करून पाहा.

पायरी १: वजाबाकी समजून घ्या

मोबाइलचा किंवा संगणकाचा पडदा स्वतः प्रकाश देतो. लाल, हिरवा, निळा हे तीन प्रकाश एकमेकांत मिळवत गेलं की उजेड वाढतो आणि तिन्ही पूर्ण मिळाले की पांढरं दिसतं. ही झाली बेरीज. कागदाकडे स्वतःचा उजेड नसतो. खोलीतला पांढरा उजेड त्याच्यावर पडतो, परत फिरतो, आणि वाटेतली शाई त्यातला काही भाग गिळून टाकते. ही वजाबाकी.

म्हणूनच प्रिंटरला लाल-हिरवी-निळी शाई चालत नाही. लाल शाई हिरवा आणि निळा असे दोन्ही प्रकाश गिळते. तिच्यावर हिरवी शाई पडली तर ती उरलेला लालही गिळेल आणि हाती काळपट डाग येईल. तीनपैकी नेमका एकच प्रकाश गिळणारी शाई हवी. सायन लाल गिळते. मॅजेंटा, म्हणजे साधारण आपला राणी रंग, हिरवा गिळते. पिवळी निळा गिळते. आता जोड्या लावा: मॅजेंटावर पिवळी पडली की हिरवा आणि निळा गेले, उरला लाल. सायनवर पिवळी पडली की उरला हिरवा. सायनवर मॅजेंटा पडली की उरला निळा.

पहिला प्रयोग: चित्र काढायच्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये तीन वर्तुळं अशी काढा की ती एकमेकांवर थोडी चढतील. रंगांचे आकडे लाल-हिरवा-निळा या क्रमाने द्यायचे: सायनला ०, २५५, २५५, मॅजेंटाला २५५, ०, २५५, पिवळ्याला २५५, २५५, ०. दोन वर्तुळं जिथे एकमेकांवर येतात तो भाग लाल, हिरवा, निळा असा भरा आणि तिन्हींचा सामाईक भाग काळा करा. हे फोटो पेपरवर छापा. सगळ्यात आधी पडद्यावरचा सायन आणि कागदावरचा सायन शेजारी ठेवून पाहा. पडद्यावरचा झगझगीत असतो, कागदावरचा बराच शांत. प्रिंटरमध्ये काही बिघडलेलं नसतं. उधारीचा उजेड गाळून मिळणारा रंग स्वतः पेटलेल्या रंगाइतका तेज होऊच शकत नाही.

मग लाल पारदर्शक कागद डोळ्यासमोर धरा, भेटवस्तू गुंडाळतात तो चालेल. पिवळं आणि मॅजेंटा वर्तुळ जवळजवळ नाहीसं होतं आणि सायनचं गडद काळपट दिसतं. सायन लाल प्रकाश गिळते हे आता तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. ही युक्ती लक्षात ठेवा, दुरुस्तीच्या वेळी ती पुन्हा लागेल.

आता खऱ्या शायांचा दोष. वर सांगितलेली वाटणी पुस्तकातली झाली. प्रत्यक्षात पिवळी शाई आपलं काम जवळपास चोख करते, पण सायन लालसोबत थोडा हिरवाही गिळते आणि मॅजेंटा हिरव्यासोबत बऱ्यापैकी निळाही खाते. परिणाम असा की तिन्ही सारख्या प्रमाणात टाकल्या तर राखाडी न येता तपकिरी छटा येते. ऑफसेट छपाईतले लोक मध्यम राखाडीसाठी सायन ५०, मॅजेंटा ४०, पिवळी ४० टक्के असं प्रमाण धरतात, ते याच कारणाने. इंकजेटमध्ये हे गणित ड्रायव्हर, म्हणजे संगणकातला प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, परस्पर करतो. म्हणूनच तो ज्या शाईसाठी लिहिलेला आहे ती बदलली की पहिला बळी जातो तो राखाडीचा. शाई तपासायची असेल तर रंगीत फुलांचा फोटो छापू नका, राखाडी पट्टी छापा. फुलात शंभर चुका लपतात, राखाडीत एकही लपत नाही.

निळ्याचंही असंच. सायन पूर्ण आणि मॅजेंटा पूर्ण टाकली की येणारा निळा जांभळ्याकडे झुकतो. गडद निळा लोगो किंवा शीर्षक जांभळं छापून येत असेल, तर मूळ रंगातला लाल कमी करा आणि हिरवा थोडा वाढवा. प्रिंटरला मॅजेंटा कमी टाकायला सांगण्याचा हाच मार्ग.

पायरी २: चौथी शाई काळी का, आणि काळ्याच्या वेळी रंगीत का संपतात

तिघींचा काळा तपकिरी पडतो, हे एक कारण. दुसरं कारण कागदाचं. एकाच जागी तीन शाया पूर्ण ओतल्या की साधा कागद भिजून लाटा धरतो. तिसरं कारण अक्षरांचं. बारीक अक्षराच्या कडेवर तीन ठिपके नेमके एकावर एक बसवणं अवघड असतं. थोडं सरकलं तरी कडेला रंगीत झालर दिसते. एका काळ्या शाईत हे तिन्ही प्रश्न सुटतात.

मग निव्वळ काळा मजकूर छापतानाही रंगीत शाई का खर्च होते? कारणं बरीच असतात आणि ती खरी असतात. डोकं, म्हणजे शाई उडवणारं प्रिंटहेड, साफ करताना रंगीत शायाही बाहेर ओढल्या जातात. फाइलमधला काळा पुष्कळदा गडद राखाडी असतो, आणि राखाडी घडवायला ड्रायव्हर तिन्ही रंगीत शाया घेतो. आणि ज्या प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची, म्हणजे घन रंगकणांची, असते, त्यात फोटो पेपर निवडला की ती काळी बऱ्याचदा बाजूला ठेवली जाते, कारण चकचकीत थरावर ती नीट बसत नाही. मग काळा बनतो रंगीत शायांचाच. मजकुरासाठी साधा कागद निवडा, ग्रेस्केल (फक्त राखाडी छटांची छपाई) लावा आणि फक्त काळी शाई असा पर्याय असेल तर तोही लावा. बराच फरक पडतो.

पायरी ३: थेंब कसा उडतो ते जाणून घ्या

प्रिंटहेडच्या तळाशी केसापेक्षा बारीक शेकडो छिद्रं असतात. त्यांना नोझल म्हणतात. शाई त्यांतून उडवायच्या दोन रीती आहेत.

पहिली उष्णतेची. प्रत्येक नोझलच्या मागे एक सूक्ष्म तापक असतो. वीज काही मायक्रोसेकंदच मिळते, पण तेवढ्यात त्याच्या अंगाला लागलेला शाईचा पातळ थर सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, वाफेचा बुडबुडा फुगतो आणि समोरची शाई थेंब होऊन बाहेर फेकली जाते. बुडबुडा विरला की मागून ताजी शाई ओढली जाते. १९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एन्डो यांच्या हाताशी असलेली तापलेली सोल्डरिंगची सळी शाईच्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईतून शाई उडाली. हे तंत्र तिथून पुढे आलं. एचपीमध्येही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हीच कल्पना सुचली आणि १९८४ मध्ये त्यांचा थिंकजेट बाजारात आला.

दुसरी रीत पिझोची. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे पिअर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. याची उलट बाजूही खरी आहे: वीज दिली की असा स्फटिक किंचित वाकतो. नोझलमागच्या कप्प्याची भिंत अशी वाकवली की पिचकारीसारखा थेंब सुटतो. यात शाई तापत नाही. एप्सनचे प्रिंटर या रीतीचे, कॅनन आणि एचपीचे घरगुती प्रिंटर उष्णतेच्या रीतीचे.

हा तपशील हौसेचा वाटेल, पण तो रोजच्या कामाचा आहे. उष्णतेच्या प्रिंटरमध्ये शाईच तापकाला थंडही ठेवते. टाकी रिकामी असताना छापत राहिलात तर तापक जळतो आणि तो नोझल कायमचा जातो. तसंच पिझोसाठी बनवलेली शाई उष्णतेच्या प्रिंटरमध्ये घातली की तापकावर जळका थर साठू शकतो. म्हणून बाटलीवर ‘सर्व प्रिंटरांसाठी’ लिहिलेलं असलं तरी तुमच्या प्रिंटरचं मॉडेल त्यावर आहे का ते पाहा.

थेंबाच्या आकाराची थोडी कल्पना करा. फोटो छापणाऱ्या प्रिंटरचा थेंब काही पिकोलिटरचा असतो. पिकोलिटर म्हणजे मिलिलिटरचा अब्जावा भाग, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा. ४ पिकोलिटरचा थेंब गोल धरला तर त्याचा व्यास सुमारे २० मायक्रॉन भरतो, आणि माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. एक मिलिलिटर शाईत असे २५ कोटी थेंब होतात. यातला प्रत्येक थेंब नेमक्या जागी पडावा लागतो. एवढ्या बारीक छिद्रात धुळीचा कण किंवा वाळलेल्या शाईची खपली किती महाग पडत असेल, याचा अंदाज यावरून करा.

पायरी ४: टाकीत कुठली शाई आहे ते ओळखा

इंकजेटची शाई बहुतांशी पाणीच असते. त्यात ग्लिसरीन किंवा ग्लायकॉलसारखं काहीतरी घालतात, म्हणजे नोझलच्या तोंडाशी शाई पटकन वाळत नाही. शाई कागदात शिरावी म्हणून तिचा पृष्ठताण कमी करणारं द्रव्य असतं, बुरशी धरू नये म्हणून जंतुनाशक असतं, आणि आम्लता कायम ठेवणारं काहीतरी असतं. रंग सांगावा तर काही टक्केच. जाता जाता: घट्ट शाईत पाणी घालून ती पुरवायचा मोह आवरा. हा सगळा तोल बिघडतो आणि थेंब फुटून फवारा उडायला लागतो.

रंगाच्या बाबतीत दोन घराणी आहेत. डाय शाईत रंग साखर पाण्यात विरघळावी तसा विरघळलेला असतो, रेणू-रेणू सुटा. पिगमेंट शाईत रंगाचे घन कण असतात, साधारण १०० नॅनोमीटरच्या आसपासचे, पाण्यात तरंगत ठेवलेले. काळ्या पिगमेंटमध्ये कार्बन ब्लॅक असतो, म्हणजे चांगल्या प्रतीची काजळीच. सायनमध्ये तांब्याचं फ्थॅलोसायनिन, मॅजेंटात बऱ्याचदा क्विनाक्रिडोन.

सुटा रेणू कागदात खोल शिरतो, त्यामुळे चकचकीत फोटो पेपरवर डायचा रंग स्वच्छ आणि तेजस्वी दिसतो. पण प्रकाश आणि हवेतला ओझोन त्याला एकटा गाठतात, म्हणून तो लवकर उडतो. पिगमेंटच्या कणात हजारो रेणू एकत्र असतात. बाहेरचे झिजले तरी आतले सुरक्षित राहतात. शिवाय कण कागदाच्या वरच्या भागातच अडकतो, त्यामुळे साध्या कागदावर शाई फुटत नाही आणि अक्षर ठसठशीत येतं. भिंतीवर टांगायच्या फोटोसाठी मी पिगमेंटच निवडतो. अल्बममध्ये, अंधारात राहणाऱ्या फोटोला डाय पुरेशी आहे आणि दिसायलाही सरस.

ओळखायची रीत सोपी आहे. साध्या कागदावर चारही शायांचे चौकोन छापा, एक दिवस वाळू द्या आणि प्रत्येकावर पाण्याचा एक थेंब सोडा. पाच मिनिटांनी टिपून घ्या. रंग ओघळला तर डाय, जागचा हलला नाही तर बहुधा पिगमेंट. पुष्कळ घरगुती प्रिंटरमध्ये काळी पिगमेंट आणि बाकी तिन्ही डाय अशी मिश्र व्यवस्था असते.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची सावधगिरी: डायच्या टाकीत पिगमेंट आणि पिगमेंटच्या टाकीत डाय कधीही ओतू नका. पिगमेंटचे कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर विशिष्ट लेप किंवा भार असतो. परकी शाई मिसळली की तो तोल जातो, कण गोळा होतात आणि गाळ धरतो. मी एकदा काळी संपली म्हणून हाताशी असलेली दुसरी काळी ओतली. तीन दिवसांत चाचणीच्या पानावरच्या रेघा एकेक करून गळायला लागल्या आणि नळ्या धुऊन डोकं पूर्ववत व्हायला आठवडा गेला. दोन्ही काळ्या दिसायला अगदी सारख्या होत्या. तेव्हापासून बाटलीवर आणि टाकीवर मी शाईचा प्रकार ठळक लिहून ठेवतो.

पायरी ५: ठिपक्यांचा हिशेब एकदा हाताने करा

प्रिंटरला फिकट गुलाबी छापता येत नाही. त्याच्याकडे मॅजेंटा आहे किंवा नाही, एवढंच आहे. फिकटपणा येतो तो दोन ठिपक्यांमध्ये कोरा कागद सोडून. कुठे ठिपका टाकायचा आणि कुठे सोडायचा, हे ठरवण्याची एक सुंदर रीत रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग यांनी १९७६ मध्ये मांडली. ती कागद-पेन्सिलीने करून पाहण्यासारखी आहे.

समजा एका ओळीत दहा घरं आहेत आणि सगळीकडे ३० टक्के मॅजेंटा हवी आहे. नियम असा: घराची किंमत ५० किंवा जास्त असेल तर ठिपका टाका, म्हणजे १०० खर्च झाले. नाहीतर घर सोडा. जे उरलं किंवा उसनं झालं ते पुढच्या घराच्या ३० मध्ये मिळवा.

पहिलं घर ३०, सोडलं, उरले ३०. दुसरं घर ३० अधिक ३० म्हणजे ६०, ठिपका, ४० उसने. तिसरं घर उणे १०, सोडलं. चौथं २०, सोडलं. पाचवं ५०, ठिपका, ५० उसने. सहावं उणे २०, सातवं १०, आठवं ४०, तिन्ही सोडली. नववं ७०, ठिपका, ३० उसने. दहावं शून्य, सोडलं. दहा घरांत तीन ठिपके पडले आणि बाकी शून्य. ३० टक्क्यांचा हिशेब चोख मिटला, शिवाय ठिपके एका जागी न साठता विखुरले.

खऱ्या रीतीत ही बाकी एकाच घराला न देता शेजारच्या आणि खालच्या ओळीतल्या मिळून चार घरांना सोळाव्या हिश्श्यांनी वाटतात: ७, ३, ५ आणि १. आजचे ड्रायव्हर याहून गुंतागुंतीची मांडणी करतात आणि ती चारही शायांसाठी वेगवेगळी असते, पण मूळ कल्पना हीच: चूक टाकून द्यायची नाही, पुढच्याला द्यायची.

यातून एक नेहमीचा गोंधळ सुटतो. खोक्यावर लिहिलेले ५७६० बाय १४४० हे आकडे ठिपके टाकण्याच्या जागांचे असतात. फोटोतल्या एका पिक्सेलची छटा उभी करायला अशा कितीतरी जागा खर्ची पडतात. म्हणून फोटो इंचाला ३०० पिक्सेल असला की पुरे, मोठ्या आणि लांबून पाहायच्या प्रिंटला २०० सुद्धा चालतात. फोटो ५७६० ला फुगवून पाठवण्याने फाइल जड होते, प्रिंट सुधारत नाही.

फिकट भागात ठिपके विरळ असतात आणि विरळ ठिपका डोळ्याला टोचतो. गालावर, ढगांवर रवा पसरल्यासारखं दिसतं ते यामुळेच. फोटोच्या प्रिंटरमध्ये फिकट सायन, फिकट मॅजेंटा आणि राखाडी अशा जादा शाया देतात त्या याच जागेसाठी. एका गडद ठिपक्याऐवजी तीन-चार फिकट ठिपके दाटीने टाकता येतात आणि रवाळपणा मावळतो. म्हणजे सहा शायांचा प्रिंटर ढग, त्वचा आणि धुकं अधिक मऊ छापतो. नुसती पत्रं आणि तक्ते छापणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

पायरी ६: कागद आणि त्याचं सेटिंग जुळवा

रंग चुकला की लोक शाईला दोष देतात. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक वेळा दोष कागदाच्या सेटिंगचा निघतो. साधा कागद शाई पितो. थेंब तंतूंच्या कडेने पसरतो, ठिपका मोठा होतो, ५० टक्क्यांची छटा ५० हून गडद दिसते. त्यातच कागदात शिरलेला उजेड ठिपक्याच्या आडून बाहेर पडताना आणखी गिळला जातो. फोटो पेपरवर सिलिकासारख्या कणांचा सच्छिद्र थर असतो. तो पाणी झटकन खाली ओढतो आणि रंग वर, जागच्या जागी धरून ठेवतो.

ड्रायव्हरला हे सगळं माहीत असतं, फक्त समोर कुठला कागद आहे ते तुम्ही सांगायचं असतं. त्यावरून तो किती शाई टाकायची, कुठली काळी वापरायची आणि किती सावकाश छापायचं ते ठरवतो. एकाच जातीच्या मॅट कागदाच्या दोन तुकड्यांवर एकच फोटो छापा, एकदा साधा कागद सांगून आणि एकदा मॅट सांगून. दोन वेगळ्या प्रिंटरांवर काढल्यासारखे दिसतील.

कागदाची कुठली बाजू छपाईची, हे कळत नसेल तर कोपरा ओलसर बोटांनी हलका चिमटा. किंचित चिकटते ती लेपाची बाजू. आणि प्रिंट बाहेर आल्या आल्या रंगाचा निकाल देऊ नका. डाय शाईचा रंग वाळताना सरकतो, एक दिवस थांबा.

पायरी ७: रंगांची जबाबदारी एकाकडेच द्या

पडद्यावरचे आकडे कागदावरच्या ठिपक्यांत बदलण्यासाठी प्रोफाइल नावाची फाइल लागते. अमुक कागदावर अमुक शाईने अमुक आकड्याला प्रत्यक्षात काय रंग उमटतो, याचा तो मोजून केलेला तक्ता असतो. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सोर्शियमने त्याचा सामाईक साचा ठरवला.

चूक होते ती अशी की फोटोचा प्रोग्रॅमही रंग बदलतो आणि ड्रायव्हरही बदलतो. दोनदा बदल झाला की चेहरे लालभडक किंवा राखेसारखे येतात. दोनपैकी एकच मार्ग धरा. तुमच्या कागदाचं प्रोफाइल हाताशी असेल तर प्रोग्रॅममध्ये ते निवडा आणि ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती पूर्ण बंद करा. नसेल तर प्रोग्रॅममध्ये ‘प्रिंटर रंग सांभाळेल’ असं निवडा आणि कागदाचा प्रकार अचूक द्या.

फोटो आधीच सीएमवायके, म्हणजे सायन-मॅजेंटा-पिवळा-काळा या चार शायांच्या आकड्यांत, करून पाठवण्याची गरज नाही. घरगुती प्रिंटरचा ड्रायव्हर लाल-हिरवा-निळा याच आकड्यांची वाट पाहतो. सीएमवायके पाठवलंत तर तो ते पुन्हा उलटं फिरवतो आणि वाटेत रंग गळतात. एसआरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा आकड्यांचा नेहमीचा साचा, ठेवा आणि तसंच पाठवा.

‘पडद्यावर छान, कागदावर अंधारं’ ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. तिचं उत्तर बहुतेकदा पडद्याच्या उजेडात असतं. कोरं पांढरं पान पडद्यावर उघडा, शेजारी छपाईचा कोरा कागद धरा आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत पडद्याची ब्राइटनेस उतरवा. आता त्या पडद्यावर फोटो पाहा. अंधारा दिसेल, कारण तो अंधाराच आहे. तिथे दुरुस्त करा आणि मग छापा. प्रिंट तपासायची ती दिवसा, खिडकीपाशी. पिवळ्या दिव्याखाली जुळलेला रंग सकाळी वेगळाच निघतो.

पायरी ८: रंग बिघडला तर या क्रमाने शोधा

सुरुवात नेहमी नोझल चेकपासून, म्हणजे प्रत्येक नोझल चालतो का ते रेघांनी दाखवणाऱ्या चाचणीच्या पानापासून. रंगाच्या सेटिंगला हात लावण्याआधी ते पान छापा. वजाबाकीचा नियम आठवला तर प्रिंट पाहूनच संशयित सांगता येतो. अख्खा फोटो हिरवट आला तर मॅजेंटा कमी पडते आहे, कारण हिरवा गिळणारं कोणी नाही. लालसर आला तर सायन, निळसर-जांभळट आला तर पिवळी. आडव्या बारीक पांढऱ्या रेघा दिसल्या तर काही नोझल बंद आहेत. उभ्या रेघा दुहेरी दिसत असतील तर डोक्याचं अलाइनमेंट (ठिपक्यांच्या जागांची जुळणी) करा.

पिवळ्याच्या तुटलेल्या रेघा पांढऱ्या कागदावर जवळजवळ दिसत नाहीत आणि तिथेच फसगत होते. मघाची युक्ती वापरा, फक्त या वेळी निळा पारदर्शक कागद घ्या. पिवळी शाई निळा गिळते, त्यामुळे त्यातून तिच्या रेघा गडद दिसतात आणि कुठे तुटल्या तेही कळतं. पडद्यावर गडद निळं पान उघडून, बाकीचे दिवे मालवून, त्या उजेडात कागद पाहिला तरी काम होतं.

नोझल बंद असतील तर डोक्याची सफाई एकदा करा, पुन्हा नोझल चेक छापा. सुधारणा दिसली तर आणखी एकदा. तीनदा करूनही जैसे थे असेल तर थांबा. सफाई म्हणजे पंपाने शाई खेचून टाकाऊ शाईच्या स्पंजात सोडणं. स्पंज भरतो, टाकी रिकामी होते आणि हवा आत शिरली असेल तर दर वेळी वेगळेच नोझल गळताना दिसतात. प्रिंटर रात्रभर तसाच ठेवा. बुडबुडे वर चढतात, वाळलेली खपली ओलाव्याने सैल होते, आणि सकाळी एका सफाईत काम होण्याची शक्यता खूप वाढते.

नोझल चेक निर्दोष असूनही रंग चुकीचा असेल, तरच कागदाच्या सेटिंगकडे जा, मग रंगाच्या जबाबदारीकडे, मग पडद्याकडे. शाईवर संशय सगळ्यात शेवटी घ्या, आणि तोही शाई बदलल्यानंतर राखाडी पट्टी रंगीत झाली असेल तर.

नोझल बंद पडू नयेत यासाठी दोनच सवयी लागतात. आठवड्यातून एकदा चारही रंग असलेलं एखादं पान छापा. आणि प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, भिंतीवरच्या बटणाने नाही. स्वतःच्या बटणाने बंद होताना तो डोकं एका कडेला नेऊन रबरी टोपीवर टेकवतो आणि नोझल झाकले जातात. वीज मध्येच गेली तर ते उघडे राहू शकतात आणि वाळतात.

शेवटचं काम प्रिंटर चांगला चालू असतानाच करून ठेवायचं. एक पान बनवा: चार शायांचे भरीव चौकोन, लाल-हिरवा-निळा, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत राखाडीच्या दहा पायऱ्या आणि ओळखीच्या माणसाचा एक फोटो. रोजच्या वापरातल्या प्रत्येक कागदावर ते छापा, वाळू द्या. मागे पेन्सिलीने तारीख, कागद, निवडलेलं सेटिंग आणि शाई लिहा, आणि पाकिटात घालून कपाटात अंधारात ठेवा. पुढच्या वेळी रंग बदलल्याची शंका आली की तीच फाइल पुन्हा छापा आणि दोन्ही पानं खिडकीपाशी शेजारी धरा, राखाडीच्या पायऱ्यांपासून सुरुवात करून.